पाहुणी टाळी

“बाई, आज चुकायचं का?”

ठिपकीने हात वर करून हे विचारलं तेव्हा टाळीबाई फळ्यावर पाच गोल काढत होत्या. चार खडूने गच्च भरलेले आणि पाचवा नुसत्या कडेचा. ती कड अजून पुरी व्हायची होती. खडू तिथेच थांबला आणि बाई वळल्या. तिसरीचा वर्ग संगीताच्या तासाला बसतो तसाच बसला होता, बाकं भिंतीला सरकवलेली, मुलं जमिनीवर अर्धगोलात. ठिपकी दुसऱ्या ओळीत होती. ओठाखाली तीळ, म्हणून सगळे तिला ठिपकी म्हणत, आणि नाव विचारलं तर ती स्वतःही आधी तेच सांगे. खिडकी लावून घेऊ का, असं विचारावं इतक्या साधेपणाने तिने विचारलं होतं. त्यात खोडी नव्हती आणि तक्रारही नव्हती. वर्गात कुणी हसलं नाही, हे बाईंना जास्त लागलं. एरवी कुणाला शिंक आली तरी ही पोरं लोळून हसत. आज सगळी बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, कारण प्रश्न रास्त होता. ठिपकी चुकणार असेल तर त्यांनाही आपापली कामं होती, कुणी कधी हसायचं, कुणी काय ओरडायचं, सगळं ठरलेलं. “नाही,” बाई म्हणाल्या, “आज नाही.” ठिपकीने हात खाली घेतला आणि तास सुरू झाला.

आज नाही. तासभर बाईंच्या तोंडून ताल सुटत होता, हात टाळ्या देत होते, आणि आत ते दोन शब्द दातात अडकलेल्या कणासारखे टोचत होते. नाही म्हणून थांबता आलं असतं. ‘चुकायचं म्हणजे काय गं, मुद्दाम कुणी चुकतं का?’ असं म्हणून हसता आलं असतं. त्यांनी म्हटलं, आज नाही. म्हणजे उद्या. म्हणजे परवा, जेव्हा खुर्च्या मांडलेल्या असतील आणि खुर्च्यांवर माणसं असतील तेव्हा. आठ वर्षांच्या पोरीला आपण चुकायचं वेळापत्रक दिलं, आणि ती ते शहाण्यासारखं पाळते आहे. तास संपल्यावर मुलं गेली, खुळखुळे आणि काठ्या गोळा करून बाई वाद्यांच्या खोलीत आल्या. खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ, एक कपाट, एक स्टूल, भिंतीला टेकवलेला मोडका की-बोर्ड. त्या स्टुलावर बसल्या आणि आपण घामाघूम झालो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं.

मूळची चूक खरी होती, ही एवढी एक गोष्ट त्या स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत. शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. पाच मात्रांचा फेरा शिकवायचा होता, चार टाळ्या आणि पाचवी मात्रा रिकामी. रिकाम्या मात्रेला हात उघडे धरायचे आणि गप्प बसायचं. मुलांना टाळी वाजवणं येतं, न वाजवणं येत नाही. या नोकरीत त्यांना काही कळलं असेल तर एवढंच. बरीच खटपट करून सगळा वर्ग एकदाचा गप्प बसला, चार टाळ्या एका सुरात पडल्या, आणि पाचव्या जागी, त्या शांततेच्या मधोमध, एकच टाळी वाजली. ठिपकीची. वर्ग फुटला. एकजण तर तिच्याकडे बोट दाखवून गडाबडा लोळला. पोरीचे कान लाल झाले, डोळे भरून आले, आणि आता ही रडणार असं वाटत असताना बाईंचा हात आपोआप कानाकडे गेला. त्या खाली वाकल्या आणि अगदी हळू, गुपित सांगितल्यासारखं म्हणाल्या, “अगंबाई, रिकाम्या घरात कोण आलं?” वर्ग गप्प झाला. मागून कुणीतरी म्हणालं, “पाहुणे!” “मग पाहुण्यांना असंच दारात उभं करायचं?” बाई म्हणाल्या. तिथून पुढे काय झालं ते त्यांनी केलं नव्हतं, ते झालं होतं. एकाने पाहुण्यासाठी चुटकी वाजवली, एकीने जीभ टाळ्याला लावून टक् केलं, एकाने तळहात एकमेकांवर घासले. दर फेऱ्याला पाचव्या जागी नवा पाहुणा, नवा आवाज. तास संपेपर्यंत त्या पाच मात्रांतून अख्खा वर्ग गाता झाला होता, आणि ठिपकीकडे सगळे जरा हेव्यानेच बघत होते, कारण पहिली पाहुणी ती. त्या दिवशी घरी जाताना बाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते. इतकी वर्षं आपण शिकवतो म्हणतो, ते बहुतेक हे असतं, असं त्यांना वाटलं होतं.

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, हे त्यांना नंतर कळलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि बोलणं त्या जुडग्यासारखंच खणखणीत. “मी शेवटपर्यंत बघितलं,” त्या म्हणाल्या. “इतर शाळांच्या शिक्षकांना बोलवू. नमुना पाठ ठेवू.”

“पण ते ठरवून केलेलं नव्हतं हो. आपोआप झालं.”

“मग परत आपोआप करा. त्यात काय एवढं?”

शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले होते, टाळीबाईसुद्धा. अंगावर मूठभर मांस चढलं होतं, नाही कशाला म्हणा. नमुना पाठ म्हणजे काय ते शाळेतल्या चहा देणाऱ्यालाही ठाऊक असतं. पाहुणे यायच्या आधी तो पाठ वर्गात घोटून घ्यायचा, उत्तर येणाऱ्यांनी उजवा हात वर करायचा, न येणाऱ्यांनी डावा, म्हणजे सगळेच हात वर दिसतात आणि बाईंना कुणाला विचारायचं ते कळतं. यात कुणाला पाप वाटत नाही. घरी माणसं येणार म्हटलं की आपण चादर बदलतो, तसंच ते. टाळीबाईंनीही आयुष्यात असे कितीतरी पाठ घोटून घेतले होते आणि त्यांना सुखाने झोप लागली होती. पण आतापर्यंत त्यांनी मुलांकडून बरोबर उत्तरं घोटून घेतली होती. चूक घोटून घ्यायची वेळ पहिल्यांदा आली होती.

जिन्याखालच्या याच खोलीत, याच स्टुलावर बसून त्यांनी ठिपकीला समोर उभं केलं होतं. “तुला ती टाळी आठवते का गं? पाहुणी टाळी?”

“हो बाई. पण आता मी नाही चुकत. बघा.” आणि ठिपकीने तिथल्या तिथे चार टाळ्या वाजवल्या आणि पाचव्या जागी हात उघडे धरून डोळे गच्च मिटून घेतले. टाळी बाहेर सांडू नये म्हणून सगळं अंग बंद करून घेतल्यासारखी ती उभी होती. किती वेळा घरी बसून तिने हे केलं असेल, ते त्या मिटलेल्या डोळ्यांवरून दिसत होतं. फेरा अगदी स्वच्छ होता. संगीताच्या बाईंनी अशा वेळी पोरीला जवळ घ्यायचं असतं. टाळीबाई म्हणाल्या, “छान. फारच छान. पण त्या दिवशी पाहुण्यांसमोर तू चुकशील का? आधी चुकली होतीस तशीच. माझ्यासाठी?”

ठिपकीने डोळे उघडले. तिला वाईट वाटलेलं दिसलं असतं तर बरं झालं असतं. ती विचारात पडली, एवढंच. मग म्हणाली, “कितव्या फेऱ्याला?”

हे आठवलं की बाईंना आजही कुणीतरी कानाला धरून भिंतीकडे तोंड करून उभं करावं असं वाटे. कितव्या फेऱ्याला. आणि त्यांनी फेरा सांगितला होता. पहिला नमुना पाठ उत्तम झाला. ठिपकी नेमक्या जागी चुकली, इतकी नेमकी की ती टाळी तालात पडली, चुकलेल्या टाळीसारखी वाजलीच नाही. पण ते ऐकायला कान लागतो आणि आलेल्या लोकांना डोळे होते. बाईंचा हात कानाकडे गेला, अगंबाई म्हणून झालं, मागून पाहुणे म्हणून झालं, लोक खूश. पाठ संपल्यावर चष्मेवाल्या एक बाई जवळ आल्या, त्यांनी भरभरून कौतुक केलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं, “ती मुलगी जरा कच्ची आहे का हो?” ठिपकी तिथेच होती, हाताच्या अंतरावर, जमिनीवरची चटई गुंडाळत होती. टाळीबाईंना तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं, नाही हो, ती पक्की आहे. पण पक्की आहे म्हटलं तर मग ती टाळी कुठून आली? सगळा पाठच कोसळला असता. “हो,” टाळीबाई म्हणाल्या, “जरा कच्ची आहे. पण सुधारतेय.” चटई गुंडाळणारे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा गुंडाळायला लागले. पोरीने वर बघितलं नाही. दुसऱ्या नमुना पाठाला ठिपकीने आपल्या मनाने भर घातली. चुकल्यावर तिने तोंडावर हात नेला आणि मान खाली घातली, लाजल्यासारखी. खुर्च्यांमधून चुकचुकल्याचे आवाज आले, कुणी म्हणालं, बिचारी. बाईंनी तिला असं काही शिकवलं नव्हतं. पण शिकवलं नव्हतं म्हणजे काय, हे कुणाला सांगणार?

आणि आता तिसरा होता, परवा, प्रशिक्षण केंद्राच्या मोठ्या सभागृहात. या वेळी बघायला नुसते शिक्षक नव्हते, अधिकारी येणार होते, आणि पाठ आवडला तर टाळीबाईंना केंद्रावर घेणार होते. शहरातल्या सगळ्या शाळांच्या संगीताच्या शिक्षकांना शिकवायचं काम. जिन्याखालची खोली सुटणार, घसा वाचणार, नावापुढे पद लागणार. मोठ्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा टाळीबाईंना खरंच आनंद झाला होता. आता त्या आनंदाची आठवणसुद्धा चोरीच्या मालासारखी कुठे लपवावी ते कळेना.

शाळा सुटल्यावर कपडे आणायला त्या कोपऱ्यावरच्या धुलाईच्या दुकानात गेल्या. तिथे इस्त्रीच्या टेबलाशी ठिपकीची आई काम करते. एरवी हे बरं असे, दोन शब्द बोलणं होई. आज त्या दाराशीच घुटमळल्या, पण आईने बघितलं. वाफेने तोंड तांबूस झालेलं, केस कपाळाला चिकटलेले, हातातली इस्त्री उभी करून ती पुढे आली. “बाई, तुम्हालाच भेटायचं होतं,” ती म्हणाली. आता ही विचारणार, आणि विचारू देच, असंही बाईंना वाटलं. पण ती हसत होती. “आमची सारखी ताटावर वाजवत असते हो, जेवता जेवता. एकदा बरोबर वाजवते, एकदा चुकून वाजवते. मी म्हटलं, बरोबर येतंय ना, मग चुकीचं कशाला घोकतेस? तर म्हणते, आई, ती चूक बाईंची आहे, माझ्याकडे दिलीय.”

टाळीबाई काहीतरी पुटपुटल्या.

“नाही, मला बरं वाटलं,” आई म्हणाली. “तिचे बाबा गेल्यापासून ती कशातच नसायची. वर्गात एवढी पोरं, पण तुम्ही तिलाच दिलीत. परवा मी अर्धी सुट्टी काढलीय, बघायला येते. मालकांना सांगून ठेवलंय.” तिने कपड्यांचा गठ्ठा पुढे केला. तो अजून ऊन होता. बाईंनी तो छातीशी धरला आणि दुकानाबाहेर आल्या. रस्त्यावर माणसं होती, दुकानांचे दिवे लागत होते, कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, तरी त्या मान खाली घालून भिंतीच्या कडेकडेने चालल्या. शिव्या दिल्या असत्या तर ऐकून घेता आल्या असत्या. हे ऐकून घेता येत नव्हतं.

घरी नवरा टेबलावर नकाशा पसरून बसला होता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो नळांचे नकाशे काढतो, घरीही तेच घेऊन बसतो. बाईंची धाकटी जाऊ आली होती, तिला शाळेतली ती गंमत ऐकायची होती, सगळीकडे म्हणे तीच चर्चा आहे. “वहिनींना विचार ना गं, सांगतील त्या,” नवरा नकाशातून मान वर न काढता म्हणाला, आणि बाई नको नको म्हणता म्हणता सांगायला लागल्या. चार टाळ्या, शांतता, एकच टाळी. आणि मग त्यांचा हात कानाकडे गेला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्या वाकल्या, आवाज खाली आणला, तेवढ्यात त्यांना दिसलं की नवऱ्याचे ओठ हलत आहेत. तो नळांवर पेन्सिल फिरवत होता आणि त्यांच्याबरोबर आवाज न करता म्हणत होता, अगंबाई, रिकाम्या घरात कोण आलं? त्यांनी जिथे श्वास घेतला तिथे त्यानेही घेतला. जाऊ खदखदून हसली. “काय हो, पाठ झालं की काय तुमचं?” तिने दिराला विचारलं. “पाठ कशाला व्हायला पाहिजे? रोजचंच आहे,” तो म्हणाला. तो प्रेमानेच म्हणाला. जेवताना बाईंनी आठवायचा प्रयत्न केला, पहिल्या दिवशी आपण खरंच कशा म्हणालो होतो? हात कुठला होता? ठिपकी तेव्हा कशी दिसत होती, रडवेली की घाबरलेली? काही केल्या आठवेना. जे आठवत होतं ते सगळं खुर्च्यांसमोरचं होतं. खरा तास कधीतरी त्या खोट्या तासांखाली दबून गेला होता आणि आपल्याला कळलंही नव्हतं.

त्यांना मोठे काका आठवले, वडिलांचे भाऊ. त्यांचं पार टक्कल होतं. बाई लहान असताना, अगदी बोबड्या वयात, म्हणे एकदा म्हणाल्या होत्या, काकांच्या डोक्यावर कायम ऊन पडलेलं असतं. घर हसलं. मग जो येईल त्याच्यापुढे वडील त्यांना उभं करत. “काय म्हणाली होतीस गं काकांना? सांग बघू.” आणि त्या सांगत, त्याच बोबड्या आवाजात, बोबडेपण जाऊन वर्षं झाली तरी त्याच आवाजात. लोक गाल ओढत. ते वाक्य तोंडात आलं की जिभेवर जुन्या भाकरीसारखी चव यायची, हे त्यांना अजून आठवतं. एकदा काका आजारी होते, अंथरुणाला लागलेले, बघायला माणसं आली होती. खोलीत कुणाला काय बोलावं कळेना, म्हणून वडिलांनी सवयीने म्हटलं, “सांग गं, काय म्हणाली होतीस.” बाईंचं तोंड उघडेना. सगळे बघत होते. तेव्हा काकांनीच उशीवरून मान जरा पुढे केली, टक्कल पुतणीकडे करून म्हणाले, “म्हण गं बाळ, म्हण.” बाईंनी म्हटलं. लोक हसले. त्या दिवशी रात्री त्या अंथरुणात तोंड खुपसून रडल्या होत्या आणि का रडतो आहोत हे आईला सांगता आलं नव्हतं. म्हणजे आपल्याला माहीत होतं, बाईंना वाटलं. माहीत नसताना केलं असतं तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी ठिपकीला बोलावलं. जिन्याखालच्या खोलीत नाही, बाहेर अंगणातल्या कठड्यावर, उजेडात. पोर डबा हातात घेऊनच आली. “हे बघ,” बाई म्हणाल्या, “उद्या चुकायचं नाही.”

“मग कधी?”

“कधीच नाही. तुला येतं ना? मग येतं तसं वाजव. पाचवीला गप्प बसायचं.”

ठिपकीने घास गिळला. “मग पाहुणे कसे येणार?”

“नाही आले तर नाही आले. मी दुसरं काहीतरी करीन. तुम्ही सगळे गप्प बसलात की मी विचारीन, आता काय ऐकू येतंय. पंखा, गाड्या, कुणाचा खोकला, जे ऐकू येईल ते सांगायचं. आणि मग त्याचा ताल करायचा.”

“मोठ्या बाई रागावतील.”

“त्यांचं मी बघीन.”

ठिपकी थोडा वेळ डब्याच्या झाकणावर बोट फिरवत बसली. मग तिने विचारलं, “म्हणजे माझी आई बघेल तेव्हा मी बरोबर वाजवायचं?”

“हो.”

तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. पोरीला हे हवं होतं, पहिल्या दिवसापासून हवं होतं, फक्त मागायची गोष्ट आहे हे तिला माहीत नव्हतं. ती पळत वर्गाकडे गेली, अर्ध्यातून परत आली, राहिलेला डबा उचलला, पुन्हा पळाली. बाईंचा जीव भांड्यात पडला. पद गेलं तर गेलं, असं त्यांनी मनात म्हणून बघितलं आणि ते म्हणताना बरं वाटलं. वर्गालाही त्यांनी सांगून टाकलं, उद्या ठरलेलं काही नाही, सगळे नीट वाजवणार. त्या संध्याकाळी त्या गुणगुणत घरी गेल्या, नवऱ्याशी थट्टा केली. आपण मुळात वाईट नाही, वेळेवर जागे झालो, असं त्यांना वाटत होतं, आणि ते वाटणं अंगावरच्या नव्या कपड्यासारखं त्या पुन्हा पुन्हा चाचपून बघत होत्या. उद्याच्या शांततेत काय काय ऐकू येईल याचाच विचार करत त्यांना झोप लागली.

सभागृह मोठं होतं, आणि मुलांसाठी पुढे एक गालिचा अंथरला होता. खुर्च्या भरलेल्या. पहिल्या रांगेत अधिकारी, त्यांच्या शेजारी मोठ्या बाई, मागे शिक्षक मांडीवर कागद घेऊन. दुसऱ्या रांगेत त्या चष्मेवाल्या बाई होत्या. आधीचा पाठ त्यांनी बघितला होता, आणि आता शेजारणीच्या कानात काही सांगून त्या आत्ताच हसायच्या तयारीत बसल्या होत्या. अगदी मागे, दाराजवळ, ठिपकीची आई उभी होती, खुर्ची असून उभी. टाळीबाईंनी सुरुवात केली. घसा मोकळा होता, मुलं ताजी होती. चार टाळ्या पडल्या आणि पाचवी रिकामी. पुन्हा चार, पुन्हा रिकामी. सभागृहाला आवाज चांगला होता, टाळी भिंतीला लागून परत यायची. चष्मेवाल्या बाई पुढे सरकल्या. आता, असं त्यांच्या सगळ्या चेहऱ्यावर होतं. टाळीबाईंनी फेरा पुढे नेला, एक, दोन, तीन, चार, आणि त्यांचा हात कानाकडे गेला, त्या खाली वाकल्या, आवाज हळू केला आणि म्हणाल्या, “अगंबाई, रिकाम्या घरात कोण आलं?”

वाक्य पुरं झालं तेव्हा त्यांना शांतता ऐकू आली. म्हणजे ती आधीपासून होती. पाचव्या जागी कुणीही टाळी वाजवली नव्हती. तिसरीच्या अख्ख्या वर्गाचे हात उघडे होते, आणि ठिपकीचेही, डोळे गच्च मिटलेली ठिपकी, सगळं अंग बंद करून घेतल्यासारखी ताठ बसलेली. इतकी स्वच्छ रिकामी मात्रा बाईंनी उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती, आणि आत्ताही त्यांनी ती ऐकली नव्हतीच, तिच्यावर त्या बोलल्या होत्या. खुर्च्यांमधून हसू फुटलं. कुणी काही चुकलंय का, हे कुणी बघितलंच नाही. बाई ठिपकीच्या दिशेने वाकल्या होत्या, तेव्हा सगळ्यांनी ठिपकीकडे बघितलं आणि हसले. ठिपकीने डोळे उघडले. तिने आधी आपल्या हातांकडे बघितलं, ते उघडेच होते ना, ते. मग बाईंकडे. मुलं गोंधळली, पाहुणे म्हणून ओरडायचं काम ज्याच्याकडे होतं तो तोंड उघडून तसाच राहिला. बाई वाकलेल्याच होत्या. आता सरळ व्हावं, सांगावं, कुणी आलं नाही, मीच चुकले. नुसतं ‘चूक माझी’ एवढंच म्हणायचं होतं. पण तोवर पुढचा फेरा सुरू झाला होता, मुलांनी सवयीने तो उचलला होता, एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्या जागी ठिपकीने टाळी वाजवली. एकच, खणखणीत. मग तोंडावर हात नेला आणि मान खाली घातली.

“पाहुणे!” मागचा ओरडला. सभागृह हसून लोटपोट झालं, आणि तिथून पाठ आपला आपण चालत गेला. चुटक्या, जिभेचे टक्, घासलेले तळवे, सगळं जिथल्या तिथे. अधिकारी मान डोलवत होते. मागे दाराजवळ ठिपकीची आई टाळ्या वाजवत होती, सगळ्यांपेक्षा जोरात.

नंतर चहा झाला, मोठ्या बाईंनी पाठीवर थाप मारली, अधिकाऱ्यांनी हात जोडून सांगितलं की पहिल्या तारखेपासून या. टाळीबाई हो म्हणाल्या. त्यांनी स्वतःला हो म्हणताना ऐकलं. मग त्या घोळक्यातून सुटून गालिच्याकडे आल्या, मुलं रांग लावत होती. ठिपकी आपल्या बुटाचा बंद बांधत खाली बसली होती. बाई तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं, पण ठिपकीनेच मान वर केली, इकडेतिकडे बघितलं, आणि बाईंच्या कानाशी येऊन हळूच, त्यांना धीर द्यावा तशी म्हणाली, “घाबरू नका बाई. कुणाला कळलं नाही.”

मग तिने दुसऱ्या बुटाचा बंद बांधला आणि रांगेत जाऊन उभी राहिली.